शंभर बिया पोटात घेतलेली गोणी

मित्रांनो, माझ्यावर तुम्ही पाय पुसले असतील, पण माझ्याकडे कधी नीट पाहिले नसेल. तागाची एक जुनी गोणी मी. एका कोपऱ्याला भोक आहे, दोन ठिकाणी सुतळीचे टाके आहेत आणि अंगाला कांद्याचा वास आहे. तो कितीही धुतले तरी जात नाही. माझ्यासारखीची हकिकत कोण विचारणार? पण मागच्या हिवाळ्यात माझ्या पोटात जे घडले, ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म बंगालमधल्या एका गिरणीत झाला. ताग पाण्यात कुजवून त्याच्या काड्यांवरून जे धागे सोलतात, त्या धाग्यांची मी विणलेली. तिथून ट्रकने पिंपळगाव बसवंतला आले. पन्नास किलो कांदा पोटात घ्यायचा, दाभणाने तोंड शिवून घ्यायचे आणि थप्पीला लागायचे, हे माझे काम. एका हमालाचा आकडा कोपऱ्यात घुसला, तेव्हा ते भोक पडले. तरीही मी लांबलांबच्या फेऱ्या केल्या. एका व्यापाऱ्याने मला हाताने ताणून पाहिले होते आणि "हिच्यात दम आहे" असे म्हटले होते. आयुष्यात माझे कौतुक झाले ते तेवढेच. पुढे माझी एक बाजू उसवली. मग कुणीतरी मला टेम्पोत बसायला अंथरले आणि त्या टेम्पोतून मी महामार्गापासून आत, महेशच्या मळ्यात आले.

मळ्यात माणसे तीनच. महेश, त्याची बायको पल्लवी आणि महेशची आई बयाबाई. मी तिथे सगळी कामे केली. दारात पायपुसणे झाले, थंडीत वासराच्या पाठीवर झूल झाले, पावसात विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीवर छप्पर झाले. त्यामुळे घरातले बोलणे मला बरेच कळत असे.

बयाबाईंचा कांदा पंचक्रोशीत ओळखला जायचा. लोक त्याला 'बयाबाईचा कांदा' असेच म्हणत. एकतीस वर्षे त्या दर उन्हाळ्यात काढणीनंतर ढिगासमोर बसत आणि एकेक कांदा हातात घेऊन निवडत. गोल हवा, मान बारीक हवी, रंग फिकट गुलाबी हवा. निवडलेले कांदे त्या चाळीत वेगळे ठेवत. चाळ म्हणजे कांदा साठवायची हवेशीर जागा. पावसाळा संपून दिवाळी येईपर्यंत त्यातले जे कांदे न सडता, न कोंब फुटता टिकत, तेवढेच त्या बियाण्यासाठी पुन्हा जमिनीत लावत. त्यांना उंच दांडे येत, दांड्यांवर पांढरे गोंडे फुलत आणि गोंड्यांत काळे, तिरकस कोपऱ्यांचे बारीक बी धरत. असे एकतीस वेळा केले, तेव्हा तो कांदा बयाबाईंचा झाला.

मग गेल्या वर्षी मे महिन्यात पाऊस आला. आठ दिवस तो थांबलाच नाही. शेतातले गोंडे काळे पडून गळाले. वाऱ्याने चाळीवरचा पत्रा उडाला आणि निवडून ठेवलेले कांदे भिजून सडले. म्हणजे नवे बीही गेले आणि ज्यातून बी करायचे ते कांदेही गेले. उरला फक्त एक डबा. दोन वर्षांपूर्वीचे बी बयाबाईंनी त्यात राख घालून, झाकण घट्ट लावून माळ्यावर ठेवले होते.

नोव्हेंबर निम्मा सरला आणि रोपे टाकायची वेळ आली. महेश म्हणाला की दुकानातून बी आणू, सगळे आणतात. बयाबाईंनी डबा खाली काढला, थोडे बी तळहातावर घेतले आणि बोटाने पसरून पाहिले.

"कांद्याचं बी लय नाजूक असतं," त्या म्हणाल्या. "वरीस सरलं का त्याचा जीव कमी व्हतो. हे तर दोन वर्साचं हाय."

पल्लवी नाशिक रोडला वाढलेली, बारावी सायन्स झालेली. लग्नाला तीन वर्षे झाली होती, पण बियाण्याच्या डब्याला तिने कधी हात लावला नव्हता आणि बयाबाईंनीही कधी लावू दिला नव्हता. ती हळूच म्हणाली की पेरण्याआधी पाहता येते. ओल्या गोणपाटात शंभर बिया गुंडाळून ठेवायच्या. जितक्या उगवतील, तितके टक्के बी चांगले. बयाबाईंना हे नवे होते, कारण त्या दरवर्षी ताजेच बी पेरत. पण त्या हो म्हणाल्या. नेमके त्याच दिवशी त्यांना वणीला जावे लागले. तिथे त्यांचा भाऊ देवराम याच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते. जाताना त्यांनी शंभर बिया मोजून पल्लवीच्या हातात दिल्या.

पल्लवीने मला निवडले. मित्रांनो, मला किती बरे वाटले म्हणून सांगू! दारातल्या गोणीला कुणी असे जपून उचलत नाही. तिने मला धुतले, उसवलेल्या बाजूने पूर्ण उघडून सपाट केले आणि माझ्यावर दहा ओळींत दहा-दहा बिया मांडल्या. पण ती घाबरलेली होती. बी सुकेल, कमी पडेल, या भीतीने तिने मला बादलीत बुडवून काढल्यावर पिळलेच नाही. माझ्यातून पाणी गळत होते. तशीच तिने माझी गुंडाळी केली, ओल टिकावी म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीच्या तोंडाला गाठ मारली आणि मोटारीच्या खोलीत फरशीवर ठेवून दिली. बाहेर थंडी पडली होती. ती फरशी तर बर्फासारखी गार होती.

माझ्या पोटात काय चालले होते ते मला कळत होते, पण मला बोलता येत नव्हते. बियांनी पाणी प्यायले, त्या फुगल्या. फुगलेली बी जागी होते, मित्रांनो. आत निजलेला इवलासा जीव श्वास घेऊ लागतो आणि आपल्याजवळची शिदोरी खाऊ लागतो. पण त्या पिशवीत हवा नव्हती. माझ्या धाग्याधाग्यात पाणी भरले होते. श्वासाला जागाच नव्हती. आणि थंडीमुळे सगळे हळू, फार हळू चालले होते. काही बिया तिथेच बुडाल्या. काही नुसत्याच थांबून राहिल्या.

आठव्या दिवशी बयाबाई परतल्या. हातपाय धुऊन त्या थेट मोटारीच्या खोलीत आल्या. पल्लवीने गाठ सोडली. आंबूस वास आला. तिने मला उलगडले. शंभरातल्या तीन बियांना पांढरे टोक फुटले होते. बाकीच्या तशाच होत्या, काही तर बोट लावताच पिचत होत्या.

बयाबाई खाली वाकून बघत होत्या. मग त्या उठल्या. "मेलं बी," एवढेच म्हणाल्या.

त्या रागावल्या असत्या तर पल्लवीला सोपे गेले असते. पण त्या पदर खोचून गोठ्याकडे निघून गेल्या. महेशने दुकानदाराला फोन करून बियाणे सांगून ठेवले. डब्यातले बी कोंबड्यांना टाकू का, असे त्याने विचारले, तेव्हा बयाबाईंनी डबा जवळ ओढला. एवढी वर्षे ज्याने घर चालवले ते उकिरड्यावर जायचे नाही, असे त्या म्हणाल्या. सोमवारी नाशिकला जाऊन ते त्या गंगेत सोडणार होत्या. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.

पल्लवीने मला झटकले, पुन्हा गुंडाळले आणि गोठ्यामागच्या शेणखताच्या ढिगावर टाकले. झटकताना बहुतेक बिया पडल्या, पण वीसेक बिया माझ्या विणीत अडकून राहिल्या. त्यांची कुणाला आठवण नव्हती.

आता बघा काय झाले. ढिगावर माझ्यातले जास्तीचे पाणी निथळून गेले. आतली ओल मात्र राहिली. प्लास्टिक नव्हते, त्यामुळे वारा माझ्यातून ये-जा करू लागला. खालच्या शेणखतातून ऊब येत होती, बाहेर कितीही थंडी असली तरी ती येतच होती. गुंडाळीत अंधार होता, पण कांद्याच्या बीला उगवायला उजेड लागत नाही. उजेड लागतो तो नंतर, पान आल्यावर. तिसऱ्या दिवशी माझ्या एका धाग्याला काहीतरी टोचले. केसासारखे मूळ होते ते. मग दुसरे. मग तिसरे. मित्रांनो, त्या बिया मेलेल्या नव्हत्या. आणि ते ठाऊक असणारी मी एकटी होते! सोमवार जवळ येत होता आणि मी उकिरड्याच्या कडेला पडले होते. माझ्या आयुष्यात मला मुकेपणाचे एवढे वाईट कधी वाटले नाही.

सोमवारी सकाळी महेश बयाबाईंना टेम्पोतून पिंपळगावच्या स्टँडवर सोडायला निघाला. डबा त्यांच्या पिशवीत होता. इकडे पल्लवी स्वयंपाकाला लागली. उसळीसाठी तिने मटकीला मोड आणायला ठेवले होते. तिने फडक्याची पुरचुंडी सोडली. थंडीचे दिवस असूनही मोड चांगले बोटाच्या पेराएवढे आले होते.

पुढचे मला नंतर कळले, तिनेच ते बयाबाईंना सांगितले तेव्हा. मटकी हातात धरून ती तशीच उभी राहिली. मटकी भिजवल्यावर तिने पाणी काढून टाकले होते. फडक्यात सैल बांधली होती. पाणी तापवायच्या बंबाजवळ ठेवली होती. पाण्यात राहिली असती तर मटकी आंबली असती, हे तिला लहानपणापासून ठाऊक होते. आणि कांद्याच्या बियांना तिने काय केले होते? पाण्यात बुडवले, पिशवीत कोंडले आणि गार फरशीवर ठेवले.

ती धावतच गोठ्यामागे आली. तिने मला उचलले, उलगडले. माझ्या विणीतून नऊ कोंब वर आले होते. कांद्याचा कोंब सरळ येत नाही, मान खाली घालून कमानीसारखा वाकून येतो. तशा नऊ कमानी होत्या आणि उजेडाच्या बाजूला आलेल्या दोघातिघांना हिरवा रंगही चढला होता.

पल्लवीने बयाबाईंना फोन लावला. तो घरातच वाजला, चार्जिंगला लावलेला होता. महेशला लावला. तो बयाबाईंना सोडून बाजार समितीच्या गलबल्यात पोचला होता, त्याने उचलला नाही. मग तिने गॅस बंद केला, मला अलगद घडी घालून स्कूटीवर पायांपाशी ठेवले आणि निघाली.

रस्त्यात ट्रॅक्टरांची रांग होती. तिचे पाय माझ्या दोन्ही बाजूंना होते आणि ती वाट काढत पुढे जात होती.

स्टँडवर नाशिकची बस लागलेली होती. माणसे चढत होती. बयाबाई रांगेत होत्या, पुढे दोनच माणसे. पल्लवीने स्कूटी कशीबशी लावली आणि मला छातीशी धरून ती रांगेत घुसली.

"आई, चढू नका," ती म्हणाली.

बयाबाईंना वाटले घरी काही झाले. त्यांचा चेहरा उतरला. पल्लवीने त्यांना बाजूच्या बाकावर बसवले आणि त्यांच्या मांडीवर मला उलगडले. बयाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला आणि एका कमानीला बोट लावून पाहिले.

"हे कुठलं बी?" त्यांनी विचारले.

"तुमच्याच डब्यातलं. त्याच शंभरातलं."

बस निघून गेली. दोघींनीही तिच्याकडे पाहिले नाही. पल्लवी उभीच होती. तिला आणखी काही बोलायचे होते आणि ते जड जात होते.

"आई, बी मेलं नव्हतं. मी पाणी पिळलं नाही, पिशवीत कोंडलं, गारठ्यात ठेवलं. वास आला तेव्हाच मला शंका आली होती. पण मी बोलले नाही. तुम्ही मला पहिल्यांदाच बियाला हात लावू दिला होता, म्हणून."

बयाबाईंनी सरकून बाकावर जागा केली. "बैस," त्या म्हणाल्या. "तू आज बोललीस ते लय बरं केलंस. आन् मी तरी तुला तीन वर्सांत कधी काय दाखवलं?"

पल्लवी बसली. बयाबाईंनी पिशवीतून डबा काढून तिच्या हातात दिला आणि दोन्ही हातांनी आपले तोंड पुसले. त्यांनी सोडलेला सुस्कारा एवढा मोठा होता की माझ्यावरचे कोंब हलले.

घरी आल्यावर दोघींनी मिळून परीक्षा पुन्हा घेतली. या वेळी मला कोमट पाण्यात भिजवले आणि दोघींनी दोन टोके धरून पिळले. हाताला ओल लागावी, पण थेंब पडू नये, एवढीच मी ओली होते. दहा ओळी, दहा-दहा बिया. गुंडाळी सैल. प्लास्टिक नाही. एका टोपलीत घालून मला बंबाजवळ ठेवले. पल्लवी रोज सकाळी बोटे ओली करून माझ्यावर शिंपडायची. आता माझ्या पोटात पाणी होते, हवा होती आणि ऊबही होती. मी निवांत होते. बिया पाणी पिऊन फुगल्या, त्यांची साले फुटली, आधी मूळ खाली गेले, मग कोंब वाकून वर आला. मी नुसती धरून होते.

दहाव्या दिवशी सगळे अंगणात बसले. बयाबाई एकेक बी उचलत होत्या, पल्लवी मोजत होती. एकसष्ट निघाल्या.

"एकसष्ट," पल्लवी मोठ्याने म्हणाली.

महेश म्हणाला की दुकानातले बी यापेक्षा जास्त उगवते. बयाबाई हसल्या. मेपासून मी त्यांना हसताना पाहिले नव्हते. "उगवू दे की. हे थोडं दाट पेरू," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला सांगितला.

मोठ्या शेतासाठी महेशने दुकानातलेच बी आणले. डब्यातल्या बियाण्यासाठी विहिरीजवळ चार गादीवाफे, म्हणजे माती उंच केलेले वाफे, केले. पेरताना पल्लवीने बोटाने खोल रेघ ओढली, तेव्हा बयाबाईंनी तिचा हात धरला. बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा खोल जाऊ नये, असे सांगितले. एवढ्याशा बीजवळ शिदोरी ती किती? खोल गेली तर उजेडात यायच्या आतच संपायची. बयाबाई सांगत होत्या आणि पल्लवी करत होती. चार वाफे व्हायला सकाळची दुपार झाली, कारण एकेक गोष्ट विचारली जात होती आणि एकेक सांगितली जात होती.

तीन वाफ्यांवर उसाचे पाचट पसरले, चौथ्यावर मला. त्या आठवड्यात पारा सहावर आला. द्राक्षाच्या बागांत लोक पहाटे शेकोट्या करत होते. मी वाफ्याला चिकटून पडले होते. वरून दव पडायचे, ते मी प्यायचे. खालची ऊब मी जाऊ देत नव्हते. दहाव्या दिवशी माझ्या पोटाला खालून ढुशा बसू लागल्या. बयाबाईंनी मला एका टोकाने उचलले. खाली हिरव्या कमानींची ओळ लागली होती. आता त्यांना उजेड हवा होता, म्हणून माझे तिथले काम संपले. मला कुंपणावर वाळत घातले. तिथून मी रोज रोपे पाहायचे.

ते कांदे मे महिन्यात निघाले. फार नव्हते. बयाबाई ढिगासमोर बसल्या आणि त्यांनी शेजारी दुसरा पाट ठेवला. पल्लवीने पहिला कांदा निवडून दाखवला, तो त्यांनी परत ढिगात टाकला, मान जाड होती म्हणून. दुसराही टाकला. तिसरा ठेवला.

मित्रांनो, मी आता फार जीर्ण झाले आहे. पायपुसण्याचेही बळ उरलेले नाही. तरी मला एक सांगायचे आहे. एखादे बी उगवले नाही, तर ते मेले असे लगेच म्हणू नका. त्याला पाणी बेताचे मिळाले का, श्वासाला जागा होती का, ऊब होती का, हे आधी स्वतःला विचारा. आणि हात तुमचा चुकला असेल तर तसे सांगून टाका. वेळेवर सांगितले तर अजून पुष्कळ काही वाचते.

या हिवाळ्यात पल्लवीने कात्रीने माझे चार तुकडे केले. मला वाईट वाटले नाही, कारण ते तिने वस्तीवरच्या बायकांना वाटले आणि बी कसे पाहायचे ते प्रत्येकीला स्वतः दाखवले. माझा भोकाचा कोपरा नवसाबाईंच्या वाट्याला आला. त्यांच्याकडे घरचा जुना गहू आहे. तो उगवेल की नाही याची त्यांना काळजी लागली आहे. शंभर दाणे माझ्यात ठेवून त्या दिवसातून तीन वेळा मला हात लावून जातात. आज चौथा दिवस आहे. त्या उद्या उघडणार आहेत. मला आतून कळते आहे, मित्रांनो, त्या उद्या खूश होतील.